गटाचा सदस्य, गावची शाळा आणि हाताला काम

जिल्हा परिषदेची निवडणूक लागली की आठवडाभरात गावोगाव गुळगुळीत कागदावरची पत्रके फिरू लागतात. वर नेत्यांच्या गोल फोटोंची रांग, मध्ये हात जोडलेला उमेदवार आणि खाली आश्वासने. रस्ते, पाणी, समाजमंदिर त्यात असतेच. पण दोन ओळी हमखास सापडतात. गटातली प्रत्येक शाळा दर्जेदार करणार, आणि तरुणांच्या हाताला काम देणार. चिन्ह कोणतेही असो, या दोन ओळी सुटत नाहीत. मतदाराचे मागणेही तेच असते, फक्त ते थोडक्यात सांगितले जाते : "दादा, पोराला कुठं तरी चिकटवा."

दादा 'बघू' म्हणतात आणि पुढच्या वस्तीकडे निघतात. निवडून आल्यावर दादा नेमके काय बघू शकतात, याचा हिशेब प्रचारसभेत कुणी मांडत नाही. तो मांडला तर दिसते असे, की ज्या अधिकारांच्या जोरावर ही आश्वासने एके काळी दिली जात, त्यातले मोठे अधिकार गेल्या पंचवीसएक वर्षांत एकेक करून जिल्ह्याबाहेर गेले. आश्वासने तेवढी जागेवर राहिली. जे अधिकार उरले ते इतके कागदी आणि कंटाळवाणे आहेत, की त्यांच्यावर टाळ्या घेणारे भाषण होत नाही. शाळेचे छप्पर आणि मजुरांचा मस्टर मात्र बऱ्याच अंशी त्यांच्यावरच अवलंबून असतो.

महाराष्ट्रात ३४ जिल्हा परिषदा आहेत. मुंबईचे दोन जिल्हे वगळले तर प्रत्येक जिल्ह्याला एक. सदस्यसंख्या कायद्याने ५० ते ७५ अशी बांधलेली. जिल्ह्याचे तितके गट पडतात, एका गटाचे दोन गण होतात आणि गणातून पंचायत समितीचा सदस्य निवडला जातो. उमेदवाराला २१ वर्षे पूर्ण झालेली असली की पुरे. मात्र १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झालेले असेल तर उभे राहता येत नाही. या एका कलमाने अनेक ठिकाणची पिढीजात गणिते बिघडवली आहेत. २०११ पासून निम्म्या जागा महिलांसाठी राखीव झाल्या. त्यामुळे पत्रकावर वहिनींचा फोटो आणि माइकवर दादा, हे दृश्य सर्रास दिसते. तरी सभागृहात उभे राहून मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला स्वतः खडसावणाऱ्या सदस्या आता नवलाच्या राहिलेल्या नाहीत.

ही रचना १९६२ ची. देशपातळीवर बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये पंचायत राज्याची शिफारस केली, ती तालुक्याला केंद्र मानून. महाराष्ट्रात वसंतराव नाईक समितीने १९६१ मध्ये वेगळे मत दिले : खरी सत्ता जिल्ह्याच्या पातळीवर द्या, कारण तेवढ्या विस्तारावरच चांगले अधिकारी आणि पुरेसा पैसा उभा राहतो. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना कायदा झाला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. आमदार-खासदारांना त्यांचे सदस्यत्व नव्हते. जिल्हाधिकाऱ्यालाही बाहेर ठेवले आणि परिषदेला स्वतंत्र मुख्य कार्यकारी अधिकारी दिला. पूर्वी स्कूल बोर्डाकडे असलेल्या प्राथमिक शाळा परिषदेच्या ताब्यात आल्या. इमारत, शिक्षक, फळा-खडू, तपासणी, सगळे.

त्याच वर्षी, १ ऑगस्ट १९६२ ला, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. त्याचा कारभार मुंबईहून. म्हणजे तीन महिन्यांच्या अंतराने राज्याने शाळा जिल्ह्याच्या हाती दिल्या आणि कारखाने आपल्याकडे ठेवले. आज गटातला उमेदवार 'एमआयडीसी आणू' म्हणतो तेव्हा तो स्वतःकडे कधीच नसलेला अधिकार वाटत असतो. औद्योगिक क्षेत्र कुठे जाहीर करायचे, जमीन कशी घ्यायची, भूखंड कुणाला द्यायचा, यातले काहीही जिल्हा परिषदेच्या सभागृहात ठरत नाही. 'स्थानिकांना ८० टक्के नोकऱ्या' या ओळीचेही तसेच. हे धोरण १९६८ पासूनचे आहे, पण त्यातला स्थानिक म्हणजे पंधरा वर्षे महाराष्ट्रात राहणारा माणूस. गावच्या शिवेला लागून उभ्या राहिलेल्या कंपनीत गडचिरोलीचा आणि सिंधुदुर्गाचा उमेदवार सारखाच स्थानिक ठरतो.

मग दादांकडे कामासाठी येणारा तरुण एके काळी काही उगाच येत नव्हता. जिल्हा परिषद ही ग्रामीण भागातली सर्वांत मोठी नोकरी देणारी संस्था होती, आणि तिच्याकडची सर्वांत मोठी नोकरी होती शिक्षकाची. बारावीनंतर दोन वर्षे डी.एड., मग जिल्हा परिषदेची जाहिरात, मग पंचक्रोशीतली शाळा. शेती राखून करता येणारी, घरापासून मोटारसायकलवर गाठता येणारी, पेन्शनची नोकरी. २००० साली सरकारने खर्च आवरण्यासाठी शिक्षण सेवक योजना आणली; महिना ३००० रुपयांवर तीन वर्षे काढली की नियमित वेतनश्रेणी. तरी ओढ कमी झाली नाही. उलट त्या दशकात खासगी डी.एड. कॉलेजे पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवली. तालुक्याच्या गावीच नव्हे, आडरानात पत्र्याच्या इमारतीतही डी.एड. सुरू झाले. कर्ज काढून मुलींना डी.एड. केले गेले. लग्नाच्या बोलण्यांत या पदविकेचा उल्लेख हुंड्याच्या रकमेच्या आधी होत असे.

आणि मग भरतीच थांबली. २०१० मध्ये राज्यभरासाठी एक सामाईक परीक्षा झाली, २०१२ मध्ये शिक्षकभरतीवर बंदी आली. डी.एड. झालेली मुले किराणा दुकानात, कंपनीच्या गेटवर, नाहीतर शेतात दिसू लागली आणि कॉलेजांना एकामागून एक कुलपे लागली. भरती पुन्हा सुरू झाली ती वेगळ्याच वाटेने. २०१७ च्या शासन निर्णयाने 'पवित्र' हे पोर्टल आले. आधी अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी द्यायची, गुण पोर्टलवर चढवायचे, पसंतीक्रम भरायचा आणि यंत्र जिल्हा देईल तिकडे जायचे. पहिली चाचणी डिसेंबर २०१७ मध्ये झाली, दुसरी उजाडायला २०२३ साल लागले. तिच्या आधारे २०२४ च्या सुरुवातीला साडेएकवीस हजारांहून अधिक पदांची जाहिरात निघाली. यात जिल्हा परिषद सदस्याला कुठेही जागा नाही. तो फार तर नियुक्तीपत्र वाटपाच्या कार्यक्रमाला व्यासपीठावर बसू शकतो.

परिषदेच्या बाकीच्या पदांचेही तसेच झाले. आरोग्यसेवक, ग्रामसेवक, कनिष्ठ सहायक, पशुधन पर्यवेक्षक अशी पदे पूर्वी जिल्ह्यातच भरली जात. २०१९ ची जाहिरात वर्षानुवर्षे लटकून अखेर रद्द झाली. २०२३ मध्ये १९,४६० पदांसाठी भरती निघाली, ती संगणकावरच्या परीक्षेने, खासगी कंपन्यांच्या केंद्रांवर. वशिल्याची वाट अरुंद झाली, ही चांगलीच गोष्ट आहे. पण उमेदवाराच्या पत्रकावरची 'नोकरी' या शब्दाची शाई अजून जुन्याच काळातली आहे.

भरतीपेक्षाही मोठी ताकद होती ती बदलीची, हे शिक्षकांच्या घरात वाढलेल्या कुणालाही ठाऊक असते. मे महिन्यात बदल्यांचा हंगाम यायचा तेव्हा सदस्याच्या ओसरीवर शिक्षकांची रांग असे. पती एका तालुक्यात, पत्नी दुसऱ्यात. कुणाची आई अंथरुणाला खिळलेली, कुणाला डोंगरातली शाळा नको. निवडणुकीत याच शिक्षकाचा शब्द गावात चालतो, हे सदस्य ओळखून असे. फेब्रुवारी २०१७ मध्ये शासनाने जिल्ह्यातल्या गावांची अवघड आणि सर्वसाधारण अशी विभागणी करून बदल्या ऑनलाइन केल्या. सदस्यांनी त्या वेळी बराच आरडाओरडा केला. माझ्या मते झाले ते बरेच झाले. डोंगरातल्या शाळेत दहा-दहा वर्षे अडकलेल्या शिक्षिकेला यंत्राने जो न्याय दिला तो ओसरीवर मिळाला नसता. मात्र त्याची दुसरी बाजूही आहे. अमुक शाळेत गणिताला माणूसच नाही, हे ओळखून चार महिन्यांत तो आणणारा जवळचा माणूस आता उरला नाही. सदस्याकडे राहिली ती 'कामगिरी'. म्हणजे शेजारच्या शाळेतला शिक्षक तात्पुरता या शाळेवर पाठवण्यासाठी गटशिक्षणाधिकाऱ्याकडे आग्रह धरायचा. एक भोक बुजवायला दुसरे पाडायचे.

किती शिक्षक मिळणार हेही जिल्ह्यात ठरत नाही. ते ठरते संचमान्यतेत. ३० सप्टेंबरचा पट मोजायचा आणि त्यावर पदे मंजूर करायची. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन, असे प्रमाण घातले. मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने लहान शाळांसाठीचे निकष आणखी आवळले आणि शिक्षक संघटना रस्त्यावर उतरल्या. वाडीवरच्या शाळेत एकच शिक्षक आणि चार वर्ग हे चित्र कागदावर नियमात बसते. पण तो शिक्षक पोषण आहाराचा हिशेब भरत असतो तेव्हा तिसरीला कोण शिकवते, याचे उत्तर नियमात नाही.

लहान शाळांचा हा प्रश्न किरकोळ नाही. काही वर्षांपूर्वीच्या सरकारी आकडेवारीनुसार राज्यात २० पेक्षा कमी पट असलेल्या १४,७८३ शाळा होत्या आणि त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुले शिकत होती. २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करून मुले शेजारी हलवण्याचा निर्णय झाला. २०२३ मध्ये 'समूह शाळा' ही कल्पना पुढे आली : दहा वाड्यांच्या शाळा एकत्र करा, बस द्या, मोठी शाळा उभारा. पुण्याच्या पानशेत आणि नंदुरबारच्या तोरणमाळची उदाहरणे दिली गेली. कागदावर हे पटते. डोंगरावरच्या वस्तीतून जुलैच्या पावसात सहा वर्षांच्या मुलीला बसपर्यंत आणायचे कोणी, हे विचारले की पटेनासे होते. राज्याच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत. वस्तीत २० मुले असली तर. ही 'तर' मोठी आहे, कारण सकाळी वेशीवर येणारी पिवळी गाडी त्यातली निम्मी मुले तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घेऊन जाते.

इथे सदस्याला करण्यासारखे काही आहे का? आहे, आणि ते पैशाशी जोडलेले आहे. जिल्हा परिषदेचे स्वतःचे उत्पन्न म्हणजे सेस फंड : जमीन महसुलावरचा उपकर, मुद्रांक शुल्कावरच्या अधिभारातला वाटा, थोडी भाडी, थोडे व्याज. जिथे जमिनीचे व्यवहार जोरात तिथे हा फंड फुगतो. म्हणून पुणे जिल्हा परिषदेचा सेस आणि गडचिरोलीचा सेस यांची तुलनाच होत नाही. या पैशावर सभागृहाचा थेट अधिकार चालतो. शाळेला संगणक, बाके, वाचनालय, मुलींसाठी वेगळे स्वच्छतागृह हे सेसमधून होऊ शकते, आणि सदस्यांनी ठरवले तर तेच पैसे हायमास्ट दिव्यांतही जाऊ शकतात. हायमास्टचे उद्घाटन रात्री होते, फोटो चांगला येतो.

वर्गखोल्यांसाठी मोठा पैसा येतो तो जिल्हा वार्षिक योजनेतून आणि समग्र शिक्षा अभियानातून. जिल्हा वार्षिक योजना जिल्हा नियोजन समिती मंजूर करते. तिचे अध्यक्ष पालकमंत्री. राज्यघटनेप्रमाणे या समितीतले चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिका-महापालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांमधून यायला हवेत, त्यामुळे गटाच्या सदस्याला तिथपर्यंत पोहोचायची वाट आहे. पण त्याआधीची पायरी फार साधी आहे आणि तिथेच बरीच कामे अडतात : निर्लेखन. कौले फुटलेली, भिंतीला तडे गेलेली खोली धोकादायक म्हणून कागदोपत्री रद्द झाल्याशिवाय तिच्या जागी नवी खोली मंजूर होत नाही. त्यासाठी शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, अभियंत्याची पाहणी, मग परिषदेची मंजुरी. हा कागद वर्षभर टेबलावर पडून राहतो आणि मुले व्हरांड्यात बसतात. गटातल्या सगळ्या शाळांची निर्लेखनाची यादी पहिल्या सहा महिन्यांत पुरी करून घेणारा सदस्य शाळांसाठी जे करतो, ते दहा 'डिजिटल शाळां'च्या फलकांनी होत नाही.

वित्त आयोगाची गोष्ट सदस्यांच्या जिव्हारी लागलेली आहे. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ ते २०२० या काळात केंद्राचा सगळा निधी थेट ग्रामपंचायतींना दिला. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीला छदामही नाही. त्या पाच वर्षांत सरपंचाकडे पैसा होता आणि त्याच गटाचा जिल्हा परिषद सदस्य त्याच्याकडे नारळ फोडायची वेळ विचारत असे. पंधराव्या आयोगाच्या काळात महाराष्ट्रात वाटणी ८०, १०, १० अशी झाली : ग्रामपंचायतीला ८० टक्के, वरच्या दोघांना दहा-दहा. त्यामुळे शाळेची रंगरंगोटी, कंपाउंड, पाण्याची टाकी यांसाठी खरा खजिनदार आता सरपंच आहे. शाळेवर जाणकार उमेदवार बोलायला लागला तर त्याला आधी गटातल्या सरपंचांशी जमवून घ्यावे लागेल.

कामाचा म्हणजे रोजगाराचा इतिहास याहून वेगळा आहे, कारण इथे महाराष्ट्र देशाच्या पुढे होता. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूर येथे, एक प्रयोग केला : काम मागणाऱ्या प्रत्येकाला काम. त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७२ च्या दुष्काळाने राज्य होरपळले, लाखो माणसे खडी फोडायला आणि पाझर तलाव खणायला उतरली, आणि गावच्या कामाचा प्रश्न सरकारचा आहे हे सर्वांच्याच ध्यानात आले. योजनेसाठी पैसा हवा म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला. मुंबई-पुण्याच्या पगारदारांच्या पगारचिठ्ठीवर आजही दरमहा २०० रुपये कापलेले दिसतात, त्याचे मूळ या खडीच्या ढिगात आहे. १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. देशाला असा कायदा व्हायला २००५ उजाडले.

याच तासगाव तालुक्यातले आर. आर. पाटील १९७९ मध्ये सावळज गटातून सांगली जिल्हा परिषदेवर निवडून गेले आणि १९९० पर्यंत तिथे होते. पुढे ग्रामविकास मंत्री म्हणून त्यांनी ग्रामस्वच्छता अभियान गाजवले. जिल्हा परिषदेला 'मिनी मंत्रालय' म्हणतात ते याच अर्थाने, की राज्य चालवणारी एक पिढी तिथे कागद वाचायला शिकली. 

२००५ च्या त्या कायद्यातून आलेल्या केंद्राच्या मनरेगात मागितल्यापासून १५ दिवसांत काम, नाही मिळाले तर भत्ता, आणि शक्यतो पाच किलोमीटरच्या आत काम, अशी हमी होती. केंद्र वर्षाला १०० दिवसांचे पैसे देई, त्यापुढचे राज्याच्या कायद्याने राज्य देई. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रातली मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला : दिवस १२५, पण खर्चात राज्याचा वाटा ४० टक्के, आणि पेरणी-कापणीच्या दिवसांत ६० दिवसांपर्यंत कामे थांबवण्याची मुभा. आता राज्याची तिजोरी आणि गावचा मजूर यांचे नाते अधिक जवळचे होणार, आणि ते नेहमीच सुखाचे असते असे नाही.

या योजनेची सूत्रे महाराष्ट्रात मुख्यतः जिल्हाधिकारी आणि तहसीलदारांकडे राहिली. सदस्याचा हात पोहोचतो तो आराखड्यापर्यंत. कोणत्या गावात कोणती कामे 'शेल्फवर', म्हणजे मंजूर करून तयार, ठेवायची, हे ग्रामसभेतून पंचायत समितीमार्गे जिल्हा परिषदेपर्यंत येते. शेल्फवर काम नसेल तर नमुना ४ भरून काम मागणाऱ्या बाईला ग्रामरोजगार सेवक 'पुढच्या महिन्यात या' म्हणतो, आणि बऱ्याचदा तिचा अर्जच नोंदवून घेत नाही. नोंद झाली तर भत्त्याचा प्रश्न उभा राहतो ना. अर्जाची तारीख घातलेली पोच हातात पडणे, हीच तिची खरी हमी. पोच देत नसलेल्या गावांची नावे सभागृहात वाचून दाखवायला सदस्याला कोणतीही परवानगी लागत नाही.

गावातल्या गावात मिळणाऱ्या नोकऱ्याही आहेत, पण त्यांना पत्रकात कुणी नोकरी म्हणत नाही. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस, आशा, बचतगटांच्या 'उमेद' अभियानातल्या समूह संसाधन व्यक्ती, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाया. अंगणवाडी सेविका त्याच गावची रहिवासी असावी लागते. आता बारावीची अट आहे आणि गुणांवर निवड होते. मानधन तुटपुंजे, तेही उशिरा. पोषण आहार शिजवणाऱ्या बाईचे तर विचारूच नका. तरुणांसाठीच्या रोजगारावर तासभर बोलणारा उमेदवार या बायांच्या थकलेल्या मानधनावर दोन मिनिटे बोलला तर सभेतल्या निम्म्या माना वर होतील.

शाळा आणि काम हे दोन वेगळे मुद्दे आहेत, हे मी इथवर धरून चाललो. बीडच्या धारूर-वडवणीत, पाथर्डीच्या डोंगरपट्ट्यात, जालन्याच्या काही तालुक्यांत ते दोन राहत नाहीत. दसरा-दिवाळीला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाने उन्हाळ्यात-पावसाळ्यात दिलेली उचल फेडायची असते, म्हणून जावेच लागते; मागे आजी नसेल तर पोरेही बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरवर बसतात. ३० सप्टेंबरला पट मोजलेला असतो. तो भरलेला दिसतो. डिसेंबरात त्याच वर्गात चार मुले असतात. संचमान्यतेच्या तक्त्यात ही गळती दिसतच नाही, आणि मार्च-एप्रिलात परत आलेले मूल पाचवीत बसते, पण वाचताना दुसरीत अडकते.

यावर जे एक शहाणे उत्तर निघाले ते हंगामी वसतिगृहाचे. मूल गावातच ठेवायचे, शाळा व्यवस्थापन समितीने त्याच्या दोन वेळच्या जेवणाची आणि राहण्याची सोय करायची, सरकारने दर मुलामागे खर्च द्यायचा. ही समिती शिक्षण हक्क कायद्यातली आहे, तिच्यात ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. उत्तर चांगले असले तरी अडते ते तारखेवर. टोळी निघते ऑक्टोबरात आणि वसतिगृहाची मंजुरी बऱ्याचदा डिसेंबरात येते. तोवर मूल पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्या तरी फडावर उसाच्या वाढ्यांच्या मोळ्या बांधत असते. हा निव्वळ वेळेचा प्रश्न आहे. गटातला सदस्य ऑगस्टच्या सर्वसाधारण सभेत शिक्षणाधिकाऱ्याला वसतिगृहांचे प्रस्ताव कुठवर आले हे विचारू शकतो, आणि सप्टेंबरच्या आत मंजुरी घ्यायला लावू शकतो. याला ना नवा कायदा लागतो ना मंत्र्याचे पत्र.

रोजगार हमीने ही स्थलांतरे थांबतील असे भाषणात सांगितले जाते. मला ते खरे वाटत नाही. हमीची मजुरी काम केल्यावर मिळते, पंधरा दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी. उचल आधी मिळते, हजारोंनी, एकरकमी. तिच्यावर लग्न होते, दवाखाना होतो, घरावर पत्रे चढतात. गावातले काम या आगाऊ रकमेशी झुंजू शकत नाही. पाण्याने मात्र झुंज दिलेली आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारची गोष्ट फार वेळा सांगून गुळगुळीत झाली आहे, पण तिच्यातला क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. दुष्काळाने गाव रिकामे होत होते, दारू बोकाळली होती, आणि शाळेवर येणे शिक्षकांना शिक्षा वाटत होती. कामाला हात घातला तो शाळेपासून. गावकऱ्यांनी जमीन दिली, श्रमदान केले, वर्ग वाढत दहावीपर्यंत गेले. शाळेने लोक एकत्र आणले, मग पाणलोटाची कामे झाली, आणि त्यांना रोजगार हमीचा व आदर्श गाव योजनेचा पैसा लागला. म्हणजे मजुरी मिळाली आणि तिच्यातून डोंगरावर चर खणले गेले. पुढे शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी, ऊस-केळीला बंदी, असे गावाने स्वतःवर घातलेले नियम आले. बाहेर गेलेली कुटुंबे परतली. त्याच कायद्याखाली, त्याच योजनेच्या पैशाने शेजारच्या शेकडो गावांत नुसतेच खड्डे पडले. फरक माणसाचा होता असे म्हणून विषय मिटवता येतो. मला फरक प्रमाणाचाही वाटतो : हजार-बाराशे माणसांच्या ग्रामसभेत जे साधते ते तीस-चाळीस हजार लोकवस्तीच्या जिल्हा परिषद गटात एकट्या सदस्याला साधत नाही. त्याला गावोगावच्या शाळा समित्या आणि ग्रामसभा धरूनच चालावे लागते. खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळाही अशीच पट जवळजवळ संपल्यावर गावाने आणि शिक्षकाने मिळून उभी केली. २०२५ मध्ये तिला जगातल्या उत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला.

सदस्यच नसले तर काय होते, हेही मध्यंतरी दिसले. मार्च २०२२ मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात अडकला आणि पुढची काही वर्षे मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक म्हणून कारभार पाहत राहिला. त्या काळात शाळा बंद पडल्या नाहीत, पगार थांबले नाहीत, काही ठिकाणी तर कामे झपाट्याने झाली. सदस्य नसले तरी चालते, असे अनेक अधिकारी खासगीत म्हणू लागले. चालले ते तितकेच. दर तीन महिन्यांनी भरायची सर्वसाधारण सभा भरली नाही. अमुक वाडीची खोली पडली तर नवी का नाही, तमुक गावात मस्टर का निघत नाही, हे इतिवृत्तात नोंदले जाईल अशा जागी विचारणारे कुणी उरले नाही. जिल्हा नियोजन समितीत जिल्हा परिषदेच्या निर्वाचित खुर्च्या रिकाम्या राहिल्या आणि निधी कुठे जायचा हे पालकमंत्री, आमदार आणि अधिकारी यांच्यात ठरले. वर्षअखेरीस ३१ मार्चची धावपळ झाली, रस्त्यांची बिले निघाली. शाळेच्या निर्लेखनाचे प्रस्ताव मात्र पुढच्या वर्षाच्या फायलीत गेले, कारण त्यांच्या मागे लागणारा ठेकेदार नसतो.